सूपभर कोंडा

उकंडराव पाटलांच्या बंड्या मंगळवारी यायच्या, त्या सोमवारीच आल्या. आणि सोमवारी डोमाजीची आई मथुराबाई बाभुळगावला लेकीकडे गेलेली होती. सगळं बिनसलं ते तिथून.

खेमसिंगानं बंडी दारात उभी केली आणि जुवावरून उतरायच्या आधीच हाक दिली, "डोमाजी, काढ फावडं. मालकाले घाई हाय."

"उद्या ठरलं होतं ना रे?"

"उद्या वखर जुपतो म्हणते. मी सालाचा गडी, मले कोण विचारते?"

डोमाजी खताच्या खड्ड्यात उतरला. वर्षभराचं शेण, राख, गोठ्यातली झाडलोट सगळं काळंभोर मुरलेलं. खताच्या बदल्यात उकंडराव कडबा आणि तुराट्या द्यायचे, वर्षानुवर्षांची रीत. डोमाजी टोपली भरून द्यायचा, त्याची बायको पंचफुला ती डोक्यावर घेऊन बंडीत ओतायची. वैशाखाचं ऊन, खतातून निघणारी वाफ, घामाला चिकटणारी माती. दुसरी बंडी भरत आली तेव्हा पंचफुलेच्या हातातलं टोपलं मध्येच थबकलं.

गाठोडं.

उगवतीच्या कोपऱ्यात, खाली, चपट्या दगडाआड मथुराबाईचं गाठोडं होतं.

नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर डोमाजीनं वस्तीतल्या घराघरापुढं टोपलं धरलं होतं. ज्याचे देव असतील त्यानं टाकावेत. "माह्या घरापासून सुरुवात," असं म्हणून त्यानं आपल्या आईचं देव बांधलेलं फडकं सगळ्यांच्या देखत टोपल्यात टाकलं आणि बेंबळा नदीच्या डोहात सोडून आला. त्या फडक्यात अंगणातले खडे होते, हे मथुराबाईला ठाऊक होतं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शेण टाकायला गेलेल्या पंचफुलेनं सासूला खड्ड्यात वाकलेली पाहिली, म्हणून पंचफुलेला. दोघी त्यावर कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "तो कोपरा राहू द्या. तिथलं खत कच्चं हाय."

डोमाजीनं तिथंच फावडं घातलं. "कच्चं कुठी? हात लावून पाह्य."

"भावजयीले खताचा लोभ सुटला वाटते," खेमसिंग बंडीवरून हसला. "देवळात ठेवतं का व उरलेलं?"

देवळाचं नाव निघालं तशी पंचफुला गप्प झाली. प्रत्येक टोपलं ओतताना ती वरून हात फिरवू लागली. शेणाचे गोळे, खापराचा तुकडा, कुजका दोर. हाताला फडकं लागलं नाही. चपटा दगड मात्र निघाला; डोमाजीनं तो काठावर फेकला आणि फावडं पुढं चालवलं. संध्याकाळी खड्डा तळापर्यंत खरवडून झाला आणि बंड्या धूळ उडवत निघून गेल्या.

मथुराबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच फाट्यावरून पायी आली. डोक्यावर लेकीनं दिलेलं, ढोरांसाठीच्या कुटाराचं गाठोडं. दारात पाऊल ठेवण्याआधी तिनं खड्ड्याकडं पाहिलं. मग डोक्यावरचं ओझं न उतरवताच काठाशी गेली आणि उकिडवी बसली.

"बंड्या काल आल्या," पंचफुला म्हणाली.

"दगड?"

"थो तिकडं पडून हाय."

"दगडाआड काही होतं?"

"टोपलं टोपलं चाचपलं, आत्याबाई. मले नाही भेटलं."

म्हातारी खड्ड्यात उतरली. तळाची ओली माती बोटांनी उकरत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. नखं काळी झाली. वर येताना तिचा हात सुटला, पंचफुलेनं धरून तिला वर घेतलं.

"माहे देव गेले त गेले," ती म्हणाली. "पण त्याच्यात दुसऱ्याची चीज होती व."

"कोणाची?"

म्हातारीनं तोंडावर पदर घेतला आणि चूल पेटवायला आत गेली.

बुधवारपासून पंचफुला उकंडरावांच्या वावरात कामाला जाऊ लागली. खताचे ढीग फोडायचे, पसरायचे आणि मागच्या सालच्या कपाशीच्या पऱ्हाट्यांची राहिलेली धसकटं वेचायची. वस्तीतल्या बायका रांगेनं पुढं सरकायच्या, पंचफुला मात्र ढिगाढिगाशी अडायची. पायानं उकरायची, हातानं उकरायची.

"काय हरवलं व पंचफुले?" कोकिळानं विचारलं. ती शेजारच्याच घरची, जिभेची तिखट.

"काही नाही. काच असन म्हणून पाहतो."

"पाटलाच्या पायाची लय काळजी तुले."

बायका हसल्या. पंचफुलाही हसली. पण तिचे डोळे जमिनीवरून उठत नव्हते. रात्री अंग टेकलं की ढेकळंच डोळ्यांसमोर येत. कुठल्या ढिगात असेल? फुटलं असेल का? कुणाच्या हाताला लागलं तर? डोमाजी विचारायचा, "कूस बदलून बदलून बाज मोडतं का?" आणि ती म्हणायची, "उकडते."

गुरुवारी उकंडरावांचा बैल बसला. ढवळ्या, जोडीतला उजवा, गावात नाव असलेला. तासात चालता चालता गुडघ्यावर आला, मग कुशीवर. खेमसिंगानं पाणी ओतलं, शेपूट पिरगाळलं, कानात हाका मारल्या. बैलाच्या तोंडाला फेस आला, डोळा फिरला, पण तो उठला नाही. तिथंच त्याच्यावर तुराट्यांचा मांडव घातला. उकंडराव त्याच्याजवळ बसून राहिले. धिप्पाड अंगाचा, मोठ्या मिशांचा माणूस, पण त्या दिवशी तो धोतराच्या सोग्यानं बैलाच्या तोंडावरच्या माश्या हाकत होता.

"मेली ढोरं ओढायचं यायनं सोडलं," ते खेमसिंगाला म्हणाले, बायकांना ऐकू जाईल असं. "आता हा गेला त कोण ओढीन?"

डोमाजीनं मागच्या साली त्यांना तोंडावर सांगितलं होतं, तुमचं ढोर तुमीच ओढा पाटील. गावात अजून ते वाक्य फिरत होतं.

शुक्रवारी दुसरी जोडी जुंपली. ऊन चढत होतं. पंचफुला पऱ्हाट्यांची मोळी बांधत होती, इतक्यात वखर कचकन थांबला. खेमसिंग पास, वखराचं लोखंडी पातं, साफ करायला वाकला आणि तसाच मागं सरला, पराणी हातातून पडली.

"याडी," एवढंच तो म्हणाला. त्याच्या तांड्यात आईला याडी म्हणतात. भ्यालेला माणूस तिलाच हाक मारतो.

पासेला फडकं अडकलं होतं. जुन्या लुगड्याचं, हिरव्या काठाचं. पासेनं ते फाटलं होतं आणि आतलं सगळं उघड्या मातीवर सांडलं होतं. शेंदरानं लाल झालेले देवांचे दोन टाक. काळ्या दोऱ्यात ओवलेले बिब्बे. गंजलेला लांब खिळा. केसांचा पुंजका, लहान लेकराचे असावेत तसे मऊ, भुरकट. आणि काळा करदोडा, त्याला बोराएवढं चांदीचं घुंगरू.

बायका गोळा झाल्या आणि वर्तुळ करून थांबल्या. कोणी पुढं पाऊल टाकेना. पंचफुलेनं मोळीचा दोर हातातून सोडला. ती मोळीवर बसली, मग कोणी पाहील म्हणून उठली.

तानाबाई, उकंडरावांची बायको, घरून धावत आली. मातीतल्या वस्तूंकडं पाहत तिनं एकेक बोट मोडलं.

"बिब्बे, माणसाच्या अंगावर फोड उठवाले. खिळा, बैल जागच्या जागी बसवाले. केस, वंशाले. अन् हे..." तिचा आवाज बदलला. करदोड्यावर वाकून तिनं घुंगरू पाहिलं; हात लावला नाही. "हे आमच्या घरचं हाय. माह्या पोरायच्या करदोड्याले असंच घुंगरू हाय, असाच मासा कोरलेला. आमच्या घरातून नेलं अन् करणीत घातलं."

"खत कोणाच्या घरचं?" कोणीतरी विचारलं.

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. कोकिळा पंचफुलेपासून थोडी बाजूला सरकली. फार नाही, पदर लागू नये इतकीच.

उकंडराव बैलाजवळून उठून आले. मग म्हणाले, "कोणी हात लावू नोका. टोपलं झाका वरून. फुलसावंगीकडचा जाणता नेरले आलेला हाय, उद्या त्याले आणतो. थो सांगन कोणी केलं. तवरोक वखर बंद, काम बंद. जा सगळ्या घरी."

तो जाणता काय करतो ते सगळ्यांना माहीत होतं. तांदूळ टाकून बाईचं नाव काढतो. मागच्या दिवाळीत पलीकडच्या गावात त्यानं एका रांडावलेल्या बाईचं नाव काढलं. तिचे केस कापले, तिच्या घरावरची कवेलू उतरवली. ती कुठं गेली कोणी विचारलं नाही.

वस्तीकडं येताना कोणी पंचफुलेशी बोललं नाही. एवढ्या घरांची मजुरी बुडाली होती. कोकिळा पुढून चालली होती, ती मागं न पाहता म्हणाली, "काच शोधत होती, नाही का व?"

संध्याकाळी डोमाजी घरी आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्याखाली तो बसला आणि आईकडं पाहिलं.

"माय, हिरव्या काठाचं लुगडं तुहं होतं."

"होय."

"नदीत म्या काय सोडलं मंग?"

"खडे."

डोमाजी ओरडला नाही. ओरडला असता तर पंचफुलेला बरं वाटलं असतं. तो आपल्या तळहाताकडं पाहत राहिला. "वस्तीपुढं म्हणलं म्या, माह्या घरापासून सुरुवात. आता सांगतो की आमचे देव होते, त वस्ती म्हणन याच्या घरातच देव अन् आमाले शिकवते. नाही सांगत, त गाव म्हणन करणी. कोणतं सांगू?"

"देव म्हणून नाही ठेवले रे," म्हातारी म्हणाली. "करदोड्यासाठी ठेवले. थो टाकता येत नव्हता, मंग बाकीचंही टाकवलं नाही."

"चोरला का व त्यायच्या घरून?"

"तुही माय चोरटी हाय का?"

मग तिनं सांगितलं. चुलीकडं तोंड करून, राखेत काडीनं रेघा ओढत.

कौसल्याबाईला, उकंडरावांच्या आईला, लेकरं होत होती आणि जात होती. पाळण्यातच. मग हा झाला. पाचवीच्या दिवशी त्याला सुपात घालून मथुरेच्या दारच्या उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, आणून टाकलं. टाकून द्यायचं, फेकायचं, आपलं नाही म्हणायचं. आणि जिनं उचललं तिच्याकडून मोल देऊन घ्यायचं. म्हणजे मरणाला वाटतं, हे पोर त्या घरचं नाही, दुसऱ्याचं. ते तिथं शोधतच नाही. मथुरा तेव्हा कोवळी होती, तिचं स्वतःचं पहिलं लेकरू दोन महिन्यांमागं गेलं होतं. अंगावर दूध होतं.

"उचललं म्या त्याले. बम्म रडून राह्यलं होतं. छातीशी धरलं त उगं राह्यलं." म्हातारी थांबली. "कौसल्याबाईनं कोंडा देल्ला सूपभर. म्या सूप झाडून घेतलं अन् पोरगं देल्लं. म्हणून नाव पडलं उकंडराव. सौद्याची खूण म्हणून करदोडा मले ठेवाले देल्ला. पोरगं हाय तवरोक थो जपाचा. पाण्यात सोडला असता अन् उद्या त्याले काही झालं असतं, त मी कोणाले तोंड दाखवलं असतं?"

"अन् केस?" पंचफुलेनं हळूच विचारलं.

"थे माह्या पहिल्याचे. खिळा माह्या बाळंतपणातला, उशाखालचा."

डोमाजी उठून बाहेर गेला. खड्ड्याच्या काठावर बराच वेळ उभा राहिला. परत आला तो एवढंच म्हणाला, "तुमी दोघी उद्या घरीच राहा. मी पाह्यतो काय करायचं थे."

सकाळी तो तोंड धुऊन बसला, उठेना. पांढरी टोपी हातात घेऊन घडी घालत होता, उलगडत होता. पंचफुलेनं भाकरी पुढं ठेवली, ती तशीच. ऊन अंगणात आलं. पंचफुला दारात जायची, रस्त्याकडं पाहायची, आत यायची. रांजण भरलेला असून पुन्हा भरायला घेतला. नेरहून बंडी यायला वेळ लागणार नव्हता. तिच्या मनात त्या उतरवलेल्या कवेलूंचा ढीग सारखा येत होता. आणि आपण त्या दिवशी डोमाजीच्या फावड्यापुढं उभं राहून नीट सांगितलं असतं तर, हेही.

शेवटी ती सासूपुढं उभी राहिली. "चला, आत्याबाई. थो येण्याआंधी."

"डोमा नाही म्हणते ना?"

"म्हणू द्या त्यायले. चला तुमी."

म्हातारीनं खुंटीवरचं सूप काढलं. पंचफुलेनं विचारलं नाही कशाला.

वावरात गाव जमलं होतं. धुऱ्यावर, वावराच्या बांधाला, बाभळीखाली उकंडरावांची बंडी, तिच्यात कौसल्याबाई. दृष्टी अधू, पण आज वावरात न्या म्हणून ती हटून बसली होती. तानाबाईनं रात्री तिला करदोड्याचं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, मले काही ठाऊक नाही. आणि मग तिला झोप लागली नव्हती. मध्ये वावरात दगड ठेवून झाकलेलं टोपलं. पलीकडं मांडवाखाली ढवळ्याचं पोट वरखाली होत होतं.

दोघींना पाहून लोक फाकले. मथुराबाई सरळ चालत गेली. खाली बसली, दगड बाजूला केला, टोपलं उचललं.

"हात लावू नोको, मथुरे," उकंडराव म्हणाले.

"माह्या चिजेले मी हात लावतो, पाटील." तिनं सूप पुढं ठेवलं आणि एकेक वस्तू त्यात मांडू लागली. "हे टाक माह्या सासऱ्याच्या वक्ताचे. हे बिब्बे लेकरायच्या गळ्यातले, नजर लागू नोये म्हणून. तानाबाई, तुमीबी बांधले असतीन. हा खिळा बाळंतपणातला. हे माह्या मेल्या लेकराचं जावळ." तिनं केस सुपात ठेवले नाहीत, कमरेला खोचले. "अन् हा करदोडा तुमचा."

"कबूल झाली," तानाबाई म्हणाली. "ऐका सगळे."

"चोरलेला नाही. मोठ्या पाटलीणबाईनं देल्ला. तुमाले उकंड्यावर टाकलं होतं, पाटील, म्या उचललं. म्या इकलं. विचारा त्यायले."

कुजबुज उठली. उकंडरावांना आपलं नाव कशावरून पडलं ते ठाऊक होतं. पण कुणाच्या उकंड्यावरून, ते कोणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. ते बंडीतल्या आईकडं वळले.

"बाई, खरं हाय का?"

कौसल्याबाईचा चेहरा हलला नाही. सगळं गाव पाहत होतं. सुना पाहत होत्या. तिनं पदर सारखा केला. "मले नाही आठवत. इतक्या वर्साची गोष्ट. असं काही झालं नाही."

पंचफुलेला वाटलं, आता संपलं. तिनं रस्त्याकडं पाहिलं. दूर बंडीची धूळ दिसत होती.

मथुराबाई उठली. सूप घेऊन बंडीजवळ गेली. आवाज चढवला नाही.

"बरं. झालं नाही. मंग म्या पोरगंही इकलं नाही. उकंड्यावरून म्या उचललं, थे माहं. कोंडा भेटला नाही, सौदा झाला नाही." तिनं करदोडा सुपातून उचलून पुढं धरला. "घ्या तुमचा करदोडा. अन् माहं पोरगं मले वापस द्या."

कोणी हसलं नाही. घुंगरू करदोड्याच्या टोकाला हलत होतं.

कौसल्याबाईनं बंडीचा दांडा धरला. तिच्या डोळ्यांपुढं काय आलं ते तिलाच ठाऊक. रिकामे पाळणे असतील. ती एकदम पुढं वाकली.

"इकलं होतं," ती म्हणाली. "इकलं होतं व मथुरे. कोंडा देल्ला म्या. सूपभर, शीग लावून. तू सूप झाडून घेतलं. माह्या समोर झाडलं. मोडू नोको सौदा."

"मी नाही मोडत. तुमीच मोडून राह्यल्या होत्या."

"थो करदोडा तुह्यापाशीच राहू दे."

"आता नाही, पाटलीणबाई. आमी सोडलं थे सगळं. अन् पोरगं मोठं झालं तुमचं. त्याचं त्याले जपू द्या."

तिनं करदोडा कौसल्याबाईच्या हातात दिला. हाताला हात लागला. तानाबाई पुटपुटली, "पाणी शिंपडा आंधी." कौसल्याबाईनं मूठ मिटली. "इतके वर्सं हिच्यापाशी होता. पोराले काही झालं नाही."

तेवढ्यात लोकांच्या मागून डोमाजी पुढं आला. डोक्यावर टोपी. त्यानं आईच्या हातातलं सूप घेतलं, आतले टाक दोन्ही हातांनी उचलून वस्तीच्या लोकांना दिसतील असे धरले.

"हे माह्या घरचे होते. म्या सांगतलं नदीत सोडले. सोडले नव्हते. आज सोडतो." कोकिळेच्या नवऱ्याकडं पाहून तो म्हणाला, "कोणाले सोबत यायचं असन त या. खडे हायत का देव, पाहून घ्या."

दोघेतिघे गेले त्याच्याबरोबर. म्हातारीनं अडवलं नाही. फक्त कमरेचं जावळ चाचपलं.

जाणत्याची बंडी धुऱ्याशी आली तेव्हा उकंडराव स्वतः तिथपर्यंत चालत गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. बंडी तिथूनच वळली. परत येताना ते मथुराबाईजवळून गेले. थांबतील असं वाटलं, पावलं मंदावलीही. पण ते तसेच पुढं गेले आणि बैलाजवळ बसले.

ढवळ्या त्या संध्याकाळी मेला.

बातमी वस्तीत आली तशी पंचफुलेनं हातातलं काम टाकलं. बैल मेलाच ना, म्हणतील. करणी नव्हती तर मेला कसा, म्हणतील. आणि तसं नाही म्हणाले, तरी मेलेला बैल ओढायला बोलवतील. डोमाजी जाणार नाही. मग उद्या काम नाही, परवा नाही. ती दारात बसून रस्त्याकडं पाहत राहिली. कोणाचं पाऊल वाजलं की उठायची. कोणी आलं नाही.

सकाळी तिनं गोठा झाडला. शेणाचं टोपलं खड्ड्याशी नेलं, रिकाम्या तळावर ओतलं. मग धुऱ्यापर्यंत गेली. वावराच्या कडेला खेमसिंग कुदळ मारत होता आणि खड्ड्यात उकंडराव होते, उघड्या अंगानं, फावड्यानं माती वर फेकत. मिशांना माती लागली होती. बाजूला ढवळ्या तुराट्यांनी झाकलेला होता आणि त्याच्या पायांना दोर बांधून त्या दोघांनीच त्याला ओढत आणल्याचा चर जमिनीवर दिसत होता.

खेमसिंगानं तिला पाहिलं. "भावजय, कामाले नाही का यायचं? ऊन होते."

उकंडरावांनी मान वर केली नाही. फावडं चालू ठेवलं.

ती घरी आली. मथुराबाई चुलीशी बसली होती.

"कोणी बलावाले आलं का व बैलासाठी?"

"नाही. थेच दोघं खड्डा खोदून राह्यले."

म्हातारीनं तवा उतरवला, भाकर फडक्यात बांधली आणि सुनेच्या हातात दिली.

"मंग जाय," ती म्हणाली. "कामाले जाय."